पितृपंधरवड्यातला फोल्डर

"नवीन फोल्डर उघडायचा न्हाई म्हंजे न्हाई," नानासो म्हणाले आणि कुणी उघडूच नये म्हणून त्यांनी माऊसवर पंजा ठेवला. "पंधरवडा बसलाय. पितरं दारात आल्यात. ह्या दिवसात माणूस नवी चप्पल घेत न्हाई, आन तुमी नवं सॉफ्टवेअर मांडताय व्हय?"

"नाना, फोल्डर आहे तो," अमृत म्हणाला. "घर बांधत नाही आपण."

"घरापरास म्हाग हाय त्यो. माज्या पोराचं समदं त्यातच गेलंय."

हे खरे होते. आष्ट्याच्या मुख्य रस्त्यावर एक गाळा, गाळ्यावर 'इंद्रजित सॉफ्टवेअर' अशी पाटी, आत दोन टेबले, एक कॉम्प्युटर आणि एक अमृत. अमृत प्रोग्रामर; काम सगळे तो करायचा. इंद्रजित मालक, म्हणजे गिऱ्हाइकाचा फोन आला की "होऊन जाईल" असे म्हणायचे काम त्याच्याकडे. आणि नानासो हे इंद्रजितचे वडील, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. गाळा त्यांच्या नावावर, त्यामुळे शेवटचा शब्दही त्यांचाच. मुलाला त्यांनी स्वच्छ बजावले होते, "फलटणचं काम पटलं तर तुझं हापिस ऱ्हाईल. न्हाई पटलं तर दसऱ्याला हितं पशुखाद्याचं दुकान. सरकी पेंड काय हाय हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागत न्हाई."

फलटणचे काम म्हणजे तिकडच्या एका साखर कारखान्याचे ऊसतोडणीचे सॉफ्टवेअर. ज्याची नोंद आधी, त्याचा ऊस आधी तुटणार, आणि कुणाचा नंबर कितवा हे कारखान्याच्या दारातल्या मोठ्या स्क्रीनवर उभ्या जगाला दिसणार. वार्षिक सभेत सभासदांनी खुर्च्या डोक्यावर घेतल्या तेव्हा चेअरमननी माईक घट्ट धरून हे कबूल केले होते. घटस्थापनेच्या दुपारी ते चेअरमनसमोर चालवून दाखवायचे होते. चालले तर इंद्रजितचे ऑफिस, नाही तर पेंड. मध्ये काही नाही.

"मग पंधरा दिवस मी काम कुठं करू?" अमृतने विचारले.

"जुन्यात कर की. जुनं काम पुढं रेटायला पितरांची ना न्हाई."

इंद्रजितने अमृतकडे बघितले. अमृतने इंद्रजितकडे बघितले. वडिलांपुढे बोलायचे कुणी, हा प्रश्न त्या घरात तीन पिढ्यांत सुटलेला नव्हता, तो त्या दिवशीही सुटला नाही. अमृतने मुकाट 'जुने' नावाचा फोल्डर उघडला आणि त्यात नवीन सॉफ्टवेअर लिहायला बसला.

आता या 'जुने' फोल्डरविषयी सांगायलाच हवे. आपल्याकडचा कुठलाही कॉम्प्युटर उघडा, ग्रामपंचायतीचा असो नाही तर पतसंस्थेचा, त्यात 'जुने' नावाचा फोल्डर सापडतोच. आत आणखी एक 'जुने'. त्याच्या आत 'जुने फायनल'. फेकून द्यायची आपल्याला सवय नाही. फुटकी बादलीसुद्धा आपण माळ्यावर ठेवतो आणि तिच्यात दुसरी फुटकी बादली ठेवतो. इंद्रजितच्या कॉम्प्युटरवर असले फोल्डर इतके माजले होते की गणपतीच्या सुमाराला डिस्क भरून मशीन धापा टाकायला लागले. तेव्हा अमृतने वैतागून एक स्क्रिप्ट लिहिली होती. एक कळ दाबली की ती आधी डिस्क पालथी घालायची, 'जुने' आणि 'टेंप' अशा ठरवून दिलेल्या नावांचे फोल्डर जिथे सापडतील तिथून कायमचे पुसून टाकायची, आणि मग झालेल्या जागेत ताजे सॉफ्टवेअर बांधून द्यायची. कचरापेटीत वगैरे टाकणे नाही. पुसले म्हणजे पुसले. स्क्रिप्ट फार चांगली होती. अमृतला तिचा अभिमान होता.

पंधरा दिवस तो 'जुने'मध्ये काम करत राहिला आणि स्क्रिप्ट आपल्या जागी शांत बसून राहिली. या दोन गोष्टी एकमेकींना कधीतरी भेटणार, हे त्याच्या डोक्यात आले नाही. का आले नाही? कारण माणूस चौदा तास काम करत असेल आणि शेजारी एक सुभेदार बसून "झालं का?" असे विचारत असेल, तर त्याच्या डोक्यात काहीही येत नाही.

घटस्थापनेची सकाळ उजाडली. नानासो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावले, कीबोर्डवर फूल ठेवले, उंबऱ्यावर नारळ फोडला.

"आता बोल. कुठली कळ?"

"ही एंटर. दाबली की सॉफ्टवेअर तयार होऊन बाहेर येईल," अमृत म्हणाला. "तीन वाजता फलटणला दाखवायचं."

"नाना, तुमच्या हातानं होऊ दे," इंद्रजित म्हणाला.

नानासोंनी डोळे मिटून एंटर दाबले. पडद्यावर ओळी पळू लागल्या.

"काय पळतंय रं!" नानासो खूश झाले. "रंगरूट पळावं तसं."

अमृत हसत हसत बघत होता. मग नुसता बघत होता. मग त्याने झडप घालून कीबोर्डवरचे फूल उडवले आणि दिसेल ती कळ दाबायला सुरुवात केली. पण ओळी थांबल्या होत्या. पडद्यावर शेवटी लिहिले होते: 'साफसफाई पूर्ण. बांधण्यासाठी काही सापडले नाही.'

"झालं?" नानासोंनी विचारले.

"झालं," अमृत म्हणाला आणि खाली बसला. खाली खुर्ची नव्हती.

इंद्रजितने त्याला दंडाला धरून मागच्या बोळात नेले. "काय झालं?"

"गेलं सगळं. 'जुने' पुसायचं मीच स्क्रिप्टला सांगितलेलं. आणि काम सगळं 'जुने'मध्ये."

"बॅकअप घेतलावतास की!"

"घेतलावता."

"कुठंय?"

"'जुने'मध्ये."

इंद्रजित भिंतीला टेकला. "तुझ्या लॅपटॉपवर?"

"लॅपटॉप सांगलीला दुरुस्तीला पडलाय. महिना झाला. तुम्ही म्हणालावता, होऊन जाईल."

"लेका, तुला नवीन फोल्डर काढायला काय धाड भरलीवती?"

"मला?" अमृतचा आवाज चढला. "जा की आत! सांगा की तुमच्या वडलांना, की तुमच्या पितरांपायी..."

"हळू बोल!"

"का हळू? सांगा!"

इंद्रजित आत गेला. नानासो खोबऱ्याचे तुकडे करत होते. "काय झालं रं?"

"काय न्हाई नाना. व्हायरस आला."

"कुठनं?"

"बाहेरनं."

"चीनचा आसंल," नानासो म्हणाले आणि खोबरे पुढे केले. "घ्या. मुहूर्त चांगला लागलाय, व्हायरस काय करतोय?"

सगळा घोळ इथे झाला, लक्षात ठेवा. स्क्रिप्टने केले ते स्क्रिप्टचे काम. पण चाळिशीला आलेला मालक आणि शिकलेला प्रोग्रामर, दोघांपैकी एकालाही म्हाताऱ्याला खरे सांगायचा दम नव्हता. याला आपण संस्कार म्हणतो.

एक आशा शिल्लक होती. आठ दिवसांपूर्वी अमृत फलटणला जाऊन कारखान्याच्या वजनकाट्याशी सॉफ्टवेअर जोडून बघून आला होता, आणि तेव्हा अख्खे काम, स्क्रिप्टसकट, तिथल्या शेतकी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवून आला होता. तिथे जाऊन तिथेच बांधायचे. स्क्रिप्टमधून तेवढे 'जुने' हे नाव खोडायचे, बस्स.

"मी गाडी काढतो," नानासो म्हणाले. त्यांना नको म्हणायचे कुणी? ते काही त्या दिवशीही सुटले नाही.

नानासोंची जीप विटा-दहिवडी करत निघाली. वेग फौजी होता, म्हणजे ताफ्यात चालतात तेवढा. मागून ट्रॅक्टर पुढे गेले. उसाची रिकामी बैलगाडी बराच वेळ बरोबरीने चालली, गाडीवानाने नानासोंना तंबाखू विचारली. इंद्रजित दर मैलाला घड्याळ बघत होता आणि अमृत मागे बसून दातांत नख चावत होता.

"चेअरमननं विचारलं तर काय सांगायचं, ठरवलंय न्हवं?" नानासोंनी आरशातून विचारले.

"होऊन जाईल," इंद्रजित म्हणाला.

कारखान्यावर पोचायला पावणेतीन झाले. शेतकी ऑफिसच्या खिडकीपाशी शेतकऱ्यांची गर्दी होती. आज स्क्रीनवर नंबर दिसणार अशी बातमी फुटली होती. सगळ्यांत पुढे रंगुबाई नावाची एक म्हातारी गजांना धरून उभी होती. तिच्या माळावर यंदा पहिल्यांदा पाणी आले होते, आणि जन्मभर मेंढरे राखलेल्या त्या बाईने निम्मी मेंढरे विकून ऊस लावला होता.

"आवं बाबा, माजा नंबर दावा आदी," ती आत बघून ओरडली. "नोंद पयली माजी हाय. उनातानात हितं बसून केलीया."

"दिसंल आजी, दिसंल," नाथाजी म्हणाला. नाथाजी तिथला क्लार्क. त्याने अमृतला खुर्ची दिली. "तुमचं सामान हाय तसं हाय बगा. हात लावला न्हाई."

अमृतने फोल्डर उघडला. काम होते. आठ दिवसांचे कमी होते, पण धड होते. दिवसात पहिल्यांदा त्याने श्वास सोडला. स्क्रिप्ट चालवायची ओळ पडद्यावर लिहून ठेवली आणि 'जुने' हे नाव खोडायला स्क्रिप्ट उघडणार, तेवढ्यात शिपाई धावत आला. "चेअरमनसाहेब गेटवर आलं!"

"स्क्रीनची वायर!" इंद्रजित किंचाळला. "अमृत, आधी ती वायर जोड, पडदा काळा दिसतोय!"

"एक मिनिट, हे खोडू दे."

"आरं ते येतंय! वायर!"

अमृत उठला. दारातून मागे वळून म्हणाला, "कुणी कशाला हात लावू नका."

आता 'कुणी' म्हणजे कोण? खोलीत इंद्रजित होता, नाथाजी होता, शिपाई होता. नानासो होते. 'कुणी'मध्ये आपण येतो असे नानासोंना जन्मात कधी वाटले नव्हते. त्यांनी चष्मा लावला. पडद्यावर सकाळच्यासारखीच ओळ होती, खाली एंटर होते, आणि मुहूर्त तर त्यांच्याच हातचा लागला होता.

"पोरगं एकटं कुठंकुठं पळंल," ते म्हणाले आणि डोळे मिटून एंटर दाबले.

वायर जोडली गेली. दारातला मोठा स्क्रीन उजळला. बाहेरच्या शेदीडशे माणसांनी माना वर केल्या आणि काळ्या पडद्यावर भराभर पळणाऱ्या ओळी बघितल्या.

"नंबर आलं!" कुणीतरी ओरडले.

अमृत शिडीवर होता. त्याने तिथूनच आरोळी ठोकली. शिडीवरून तो कसा उतरला ते त्याला आठवत नाही. आत आला तेव्हा पडद्यावर लिहिले होते: 'साफसफाई पूर्ण. सॉफ्टवेअर तयार आहे.'

"तयार हाय म्हणतंय," नानासो म्हणाले.

खरेच तयार होते. अमृतचे काम त्याच्या स्वतःच्या फोल्डरात होते, त्याला धक्का लागलेला नव्हता. त्याला इतके हायसे वाटले की तो नानासोंच्या पाया पडायला वाकला. वाकलेला असतानाच त्याला नाथाजीचा आवाज ऐकू आला. "आमचा फोल्डर कुठं गेला वं?"

"कुठला?"

"जुने."

अमृत वाकलेलाच राहिला. "काय होतं त्यात?"

"यंदाची ऊसनोंद. समद्या गावांची."

"यंदाची नोंद 'जुने'मध्ये कशाला ठेवलीत?" अमृत रडकुंडीला आला.

"मग? दसऱ्याला बॉयलर पेटायचाय. बॉयलरची पूजा झाल्याबगार नवीन हंगामाचा फोल्डर कसा उघडायचा? अपशकुन न्हवं का!"

"कागदावर? रजिस्टर?"

"कॉम्प्युटर आल्यापास्नं रजिस्टर बंद."

"निदान लोकांकडं पावत्या?"

"द्यायच्या व्हत्या. प्रिंटरची शाई सपलीया श्रावणात."

नानासोंनी चष्मा काढला. "हितं बी आला का रं व्हायरस?"

आणि मग अमृत फुटला. पंधरा दिवस, एकशेतीस किलोमीटर आणि एक शिडी त्याच्या तोंडातून एकदम बाहेर पडली. "व्हायरस नाही आला! तुम्ही आला! सकाळी पण तुम्हीच! 'जुन्यात कर' म्हणालात म्हणून मी जुन्यात केलं, आणि ही स्क्रिप्ट जुनं पुसते, तिला तेच सांगितलंय, ती बिचारी काय पंचांग बघती का? आणि हे तुमचे चिरंजीव, तुम्हाला सांगायची छाती होत नाही म्हणून व्हायरस म्हणतात! अख्ख्या कारखान्याची नोंद पुसली तुम्ही!"

इंद्रजितने डोळे मिटून घेतले. त्याच्या डोळ्यांपुढे सरकी पेंडीची पोती थप्पीने रचली गेली.

नानासो उठले. शर्ट खाली ओढला. "मला तुमी आदीच सांगायला पायजे व्हतं," ते एवढेच म्हणाले, आणि चेअरमनच्या केबिनकडे चालू लागले. मागून इंद्रजित, त्याच्या मागून अमृत, सगळ्यांत शेवटी नाथाजी, देवाचे नाव घेत.

चेअरमन नुकतेच बसले होते. नानासो टेबलासमोर सावधान उभे राहिले. "साहेब, मी सुबेदार नानासो, इंद्रजितचा बाप. तुमची यंदाची ऊसनोंद माज्या हातनं पुसली गेली. ह्या पोरांची चूक न्हाई. काय करायचं त्ये मला करा."

चेअरमननी हातातला मोबाईल पालथा ठेवला. "समदी?"

"समदी."

"कोण पयला, कोण दुसरा, कायबी ऱ्हायलं न्हाई?"

"न्हाई."

चेअरमन उठले. ते दाराकडे गेले तेव्हा नाथाजीने डोळे झाकून घेतले. पण त्यांनी फक्त दाराला आतून कडी लावली. परत येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "परत येत न्हाई न्हवं?"

"आणता येईल कदाचित," अमृत म्हणाला. काहीही झाले तरी तो प्रोग्रामर होता. "सांगलीत एक जण पुसलेलं काढून देतो. डिस्क तिकडं न्यावी लागेल."

"छे छे छे. सांगली लय लांब हाय." चेअरमननी घंटी दाबली आणि खिडकीतून शिपायाला सांगितले, "कंदी पेढं आण. आन एक शाल, नारळ."

कुणाला काही कळेना. चेअरमननी नानासोंना हाताला धरून स्वतःच्या शेजारच्या खुर्चीत बसवले.

"सुबेदार, तुमास्नी म्हणून सांगतो. इलेक्शन झालं. गावोगाव गेलो. ज्याच्या दारात च्या प्यालो त्याला शब्द दिला, तुजा ऊस पयला तोडतो. पयला म्हणून मी किती जणांस्नी सांगितलंय त्ये माजं मलाबी ठावं न्हाई. आन आज त्यो स्क्रीन लागणार व्हता दारात. समद्यांम्होरं! रातभर डोळ्याला डोळा न्हाई माज्या. आन तुमी आला देवासारखं."

"पर ती भाइर उबी हायती त्यांचं काय?" नानासोंनी विचारले.

"त्यास्नी सांगायचं, कॉम्प्युटरनं खाल्लं. परत नोंद करा. माणसानं खाल्लं की मोर्चा येतोय. कॉम्प्युटरवर कोण मोर्चा काडतंय?"

शिपायाने पेढे, शाल आणि नारळ खिडकीतूनच आत दिले. चेअरमननी शाल नानासोंच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला, नाथाजीने मोबाईलवर फोटो काढला. शिक्षा घ्यायला आलेला माणूस सत्कार घेऊन उभा होता. नानासो कडी काढून तसेच बाहेर गेले आणि खिडकीपाशी उभ्या रंगुबाईच्या खांद्यावर ती शाल टाकली.

रंगुबाईने शाल चिमटीत धरून बघितली. "ही कशाला? नंबर द्या की!"

नानासोंकडे नंबर नव्हता. ते जाऊन जीपमध्ये बसले आणि त्यांनी हॉर्नवर हात ठेवला, तो काढलाच नाही.

आत चेअरमन इंद्रजितशी बोलत होते. "दर सालाला यायचं तुमी. पितृपंधरवडा सपला की. आजच्यावानी एक डाव साफसफाई करून द्यायची. पाच वर्साचं काम बांधून देतो. शेजारच्या कारखान्याचं चेअरमन माजं पावणं हायती, त्यास्नीबी ही अडचण हाय. पतसंस्थांचं तर इचारूच नका. चालंल?"

बाहेर हॉर्न वाजत होता. इंद्रजितने खिडकीबाहेर बघितले, मग चेअरमनकडे बघितले. आणि मान हलवली. "होऊन जाईल," तो म्हणाला. तुम्ही असता तरी हलवली असती; खोटे कशाला बोला.

सगळे हात मिळवून उठले. अमृत एकटा जागेवर बसून होता. हातात पेढा होता, तो त्याने खाल्ला नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, "आणि ते तोडणीचं सॉफ्टवेअर? ते तयार आहे. चालतंय. आठ दिवसांचं काम कमी आहे, पण दाखवू शकतो आत्ता."

"व्हय की, त्ये ऱ्हायलंच." चेअरमननी त्याच्या पाठीवर प्रेमाने थाप मारली. "कष्ट केल्यात पोरानं. त्ये फुकट घालवायचं न्हाई. नाथाजी, आपला त्यो 'जुने' फोल्डर परत एक उघड, आन ह्यांचं सॉफ्टवेअर त्यात नीट जपून ठेव."